जळणाखाली पीठ पडतंय, काय करू?

राधानगरी तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या घराचा पुढचा भाग स्लॅबचा, मागचा जुना, मातीच्या भिंतींचा आणि कौलारू. मधल्या खोलीत सासूबाईंनी मिरगाच्या आधी दोन पावसाळे पुरेल इतकं जळण भरून ठेवलंय. बांधावरचा पडलेला आंबा, थोडी बाभूळ, थोडा सुबाभूळ, सगळं भिंतीला लावून आढ्यापर्यंत रचलेलं. शेजारी तांदूळ साठवायचा बांबूचा तट्टा, समोर माहेरून आलेलं सागवानी कपाट आणि पलंग. जुलै लागल्यापासून लाकडांखाली पांढरं पीठ पडतंय, रात्री कुरकुर आवाज येतो, ट्यूबलाइटभोवती भुंगे फिरतात, न्हाणीत घोण निघाली. धाकट्या मुलीच्या पाठीवर लाल गांध्या उठल्यात. मिस्टर म्हणतात, उसातल्या हुमणीसाठी आणलेलं औषध फवारू आणि धान्यातल्या गोळ्या ठेवू. सासूबाई म्हणतात, ‘जळणाला किडं लागायचंच, त्यानं काय हुतंय?’ ‘सगळं बाहेर काढा’ असं ताई बोलून गेल्या, तेव्हापासून सासूबाईंनी बोलणं टाकलंय. कपाटाला आणि तांदळाला कीड लागेल का, पेस्ट कंट्रोल करावं, जळण फेकून द्यावं की बंबच बंद करून गिझर बसवावा, असं त्या विचारतात.

ताई, आधी तातडीचं सांगते. फवारणी करू नका, आणि त्या गोळ्या तर घरात आणूच देऊ नका.

धान्यात ठेवतात त्या गोळ्या म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो, आणि जुलैत राधानगरीच्या हवेत ओलाव्याला काही तोटा नसतो. माणसं झोपतात त्या घरात हा वायू कोंडला तर जीव जातो. त्यावर उतारा नाही. मिस्टरांनी हे काळजीपोटी सुचवलंय हे मला कळतं, पण इथे मधला मार्ग काढू नका. ‘एकच गोळी, कोपऱ्यात’ असंही नको.

हुमणीच्या औषधाचं दुखणं वेगळं आहे. ते बसतं सालीवर, आणि अळी असते लाकडाच्या आत. तिच्यापर्यंत ते पोचतच नाही. पोचतं ते तुमच्यापर्यंत, कारण तेच लाकूड उद्या बंबात आणि चुलीत जाणार. धूर घरात फिरणार, त्याच आरावर भाकरी फुगणार, राख परड्यातल्या भाजीला पडणार. जे जाळायचं आहे त्यावर कसलंही विष मारायचं नाही. याच कारणाने रंगवलेल्या फळ्या आणि जुनं प्लायवुडही चुलीत घालू नये. तुमच्या घरात कुणी घालत असेल तर तेही आजपासून थांबवा.

मुलीला आज रात्रीपासून पुढच्या खोलीत झोपवा. गांध्या डासांच्या असू शकतात, ढेकणांच्या असू शकतात, तेव्हा अंथरूण आणि पलंगाच्या खाचा आधी बघा. पण अजून एक शक्यता आहे जी फारशी कुणाला माहीत नसते. लाकडातल्या अळ्यांवर जगणारी एक बारीक गांधीलमाशी असते, दिसायला थेट मुंगीसारखी. ती माणसालाही डसते, आणि जळणाजवळ झोपणाऱ्याला तिचा त्रास होतो. जागा बदलल्यावर गांध्या थांबल्या तर कारण कळलं. नाही थांबल्या, तर डॉक्टरांना दाखवा. लाकूड पोखरणारे भुंगे स्वतः सहसा चावत नाहीत. मुलांच्या दृष्टीने मला त्यांच्यापेक्षा ओल्या लाकडावरची बुरशी जास्त घातक वाटते. घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर ती खोली झोपायला वापरूच नका.

आता मूळ प्रश्न. तुम्ही, तुमचे मिस्टर आणि सासूबाई, तिघांची मतं तीन दिशांना आहेत, पण एक गोष्ट तिघांनीही गृहीत धरली आहे : कीड ती कीड, सगळी सारखीच. तिथेच थोडं थांबू या. तुमच्या घरात निदान चार वेगवेगळे जीव असू शकतात. त्यातले दोन घराला फारसं काही करत नाहीत, एक थोडंफार करतो. खरा धोका ज्याचा आहे त्याचा तुम्ही उल्लेखही केलेला नाही.

एक काम करा. दिवसाउजेडी थोडं पीठ चिमटीत घ्या आणि बोटांवर चोळा. अगदी टाल्कम पावडरसारखं मऊ लागलं, खर अजिबात लागली नाही, तर तो बारीक भुंगेरा. मोहरीचा दाणा मावेल इतकं किंवा त्याहून लहान गोल भोक असतं त्याचं. बाभूळ-सुबाभळीत याचाच एक जाडसर भाऊबंद असतो, भोक मोठं आणि डोकं खाली वाकलेलं. हे दोघे सालीखालच्या पांढऱ्या लाकडात राहतात, कारण त्यात पिष्ट असतं आणि त्यांच्या अळ्यांचं तेच अन्न. आतल्या गडद, टणक गाभ्याला ते सहसा तोंड लावत नाहीत. हातातलं पीठ जर रवाळ लागलं, त्यात तंतू आणि ढलप्यांचे तुकडे असले, तर तो मोठा मिशाळ भुंगा. आणि पीठ नसून माती असेल तर गोष्टच वेगळी. तिच्याकडे मी येतेच.

रात्रीची कुरकुर बहुधा आंब्याच्या ओंडक्यातली आहे. आंब्याच्या बागा असणारे ज्याला भिरूड म्हणतात, त्याची अळी बोटाएवढी होते आणि शांत घरात तिचं चावणं खरोखर ऐकू येतं. आवाज भीतीदायक, पण जीव तसा निरुपद्रवी. ही अळी झाड उभं होतं तेव्हाच किंवा ते पडल्या पडल्या आत शिरलेली असते. तिचा भुंगा होऊन बाहेर आला की तो झाड शोधत उडतो. वाळलेल्या, पॉलिश केलेल्या कपाटात तो अंडी घालत नाही. ट्यूबलाइटवर आपटणाऱ्यांत लांब मिशांचे असतील तर ते हेच, त्यांना खिडकीतून बाहेर सोडा आणि विसरून जा. ओंडक्याला कान लावून आवाज कुठून येतो ते मात्र शोधा आणि तो ओंडका सगळ्यात आधी फोडून बंबात घाला.

तुमचं सागवानी कपाट त्यामुळे बऱ्यापैकी सुरक्षित आहे. सागाचा गाभा या भुंगेऱ्यांना मानवत नाही, आणि मादी अंडी घालते ती लाकडाच्या उघड्या छिद्रांत. पॉलिश किंवा रंगाने ती बुजलेली असतात. पण कपाट ओढून त्याची मागची बाजू बघा. सुतार पाठीला बऱ्याचदा पांढरी, स्वस्तातली फळी लावतात आणि तिला पॉलिशही नसतं. पलंगाच्या खालच्या पट्ट्यांचंही तेच. तिथे भोकं दिसली तर प्रत्येक भोकाभोवती पेन्सिलने गोल काढा, खालची जमीन झाडून काळा कागद अंथरा आणि काही आठवडे वाट बघा. हे महत्त्वाचं आहे, कारण जुन्या भोकांतूनही हादऱ्याने पीठ पडत राहतं आणि आत कुणी नसतानाही माणूस घाबरतो. नवं भोक, कागदावर फिकट ताजं पीठ, असं दिसलं तरच कीड जिवंत. मग त्या बाजूला बोरॅक्सचं पाणी ब्रशने दोन-तीनदा मुरवायचं, उघडीप मिळाली की वाळवायचं आणि वरून वॉर्निश द्यायचं. रॉकेल ओतू नका, कपाट पेटतं होईल एवढंच.

तांदळातले पोरकिडे जळणातून येत नाहीत. ते धान्याबरोबर आणि जुन्या पोत्यांबरोबर येतात, त्यांचा बंदोबस्त धान्य वाळवून करायचा. तुम्ही काळजी करताय तांदळाची, मला चिंता आहे तट्ट्याची. तो बांबूचा आहे. बांबूत पिष्ट भरपूर, आणि बांबू पोखरणारा भुंगेरा याच घराण्यातला. म्हणूनच पूर्वी बांबू तोडला की ओढ्याच्या पाण्यात कित्येक दिवस बुडवून ठेवत, त्यातला गोड अंश पाण्यात निघून जाई आणि तो टिकत असे. तुमचा तट्टा आतून-बाहेरून शेण-मातीने लिंपलेला असेल तर चांगलंच. लेप खरवडला असेल तिथे पुन्हा लिंपून घ्या, आणि जळण तट्ट्याला टेकलेलं असेल तर आजच बाजूला करा.

आता माती. जळण मातीच्या भिंतीला लावून आढ्यापर्यंत रचलंय, हे वाक्य वाचून मी थबकले. आपल्याकडची वाळवी राहते जमिनीत. लाकडाच्या तुकड्यातून घरात आलेल्या चार-दोन वाळव्या वारूळ उभं करत नाहीत, राणीशिवाय त्या मरून जातात. म्हणजे जळणातून वाळवी ‘येते’ ही भीती बरीचशी अनाठायी आहे. पण जमिनीतल्या वाळवीला वर चढायला आडोसा लागतो, ओल लागते, अंधार लागतो. तुमच्या त्या राशीने तिला तिन्ही दिलंय, वर थेट वाशांपर्यंत शिडी लावून दिलीय. आणि पुढे लाकडं असल्यामुळे भिंतीवर काय चाललंय हे तुम्हाला दिवाळीपर्यंत कळणारही नाही.

म्हणून रास पूर्ण उपसता आली नाही तरी एका टोकाने भिंतीपासून हातभर सोडवा आणि टॉर्च मारून मागे बघा. भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या नळ्या वर चढत असतील तर ती वाळवी. एका नळीचा बोटभर तुकडा खरवडा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा. तो भाग पुन्हा लिंपला गेला असेल तर वाळवी चालू आहे. वाशांना सुरीच्या मुठीने ठोकून बघा, पोकळ आवाज आला की सावध व्हा. जुन्या वाशांना बारीक भुंगेऱ्याचं भय कमी, कारण वर्षानुवर्षांच्या लाकडात त्याचं अन्न उरत नाही. वाळवीला मात्र वयाचं काही नाही.

घोणीबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने. घोण झुरळं आणि किडे खायला येते. तिच्या मागे उंदीर, उंदरांच्या मागे साप. पावसाळ्यात घरातलं जळण म्हणजे मण्यारीला लपायला आयती जागा. तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही, जमिनीवर झोपलेल्या माणसाला कळतही नाही. तेव्हा त्या खोलीत कुणी खाली झोपू नका. पलंगावर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. जळण काढायचं ते उजेडात, काठीने आधी हलवून, पायात काहीतरी घालून. लहान मुलांना ‘जा गं, दोन लाकडं आण’ म्हणून पाठवू नका. दंश झालाच तर बांधणं-कापणं नाही, 108 ला फोन आणि जवळचं सरकारी रुग्णालय, गरज पडली तर कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय. विंचवाचंही तसंच. मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामानंतर विंचूदंशावर प्राझोसिनसारखा साधा, स्वस्त उपाय दवाखान्यात मिळतो.

एवढं सगळं सांगूनही मी सासूबाईंच्या बाजूने बोलणार आहे, रागावू नका. त्यांनी एवढं जळण का भरलं, हे तुम्ही त्यांना विचारलंय का? 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, कोल्हापूरला जाणंयेणं बंद झालं, खेड्यांत सिलिंडर पोचेना. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की तुमच्या भागातले बंधारे बुडतात, लाइट जाते ती कधी येईल सांगता येत नाही. अशा दिवसांत ज्या बाईने घरातल्या माणसांना गरम पाणी आणि गरम जेवण दिलंय, तिला जळणाची रास म्हणजे काय वाटत असेल? तुम्ही ‘बाहेर काढा’ म्हणालात, त्यांनी ते ‘तुमची बेगमी नको’ असं ऐकलं असणार. त्यांचं चुकलं असेल तर जागेत आणि प्रमाणात. साठा करण्यात त्यांचं काहीच चुकलेलं नाही.

प्रमाणाचंच बोलायचं तर दोन पावसाळ्यांचं जळण भरू नये. खालचा थर वर्षानुवर्षं हलत नाही आणि सगळी पैदास तिथे होते. एका पावसाळ्याला किती लागतं हे सासूबाईंना तोंडपाठ असेल, त्यांनाच विचारा. तेवढं आणि वर थोडं हाताला, बास.

आता या भर पावसात काय करायचं? सगळं बाहेर फेकलंत तर भिजून कुजेल आणि घरात भांडण राहील ते वेगळंच. रोज बंबासाठी लागतं तेव्हा क्रम बदला : पीठ पडणारी आणि आवाजाची लाकडं आधी, चांगली मागून. साल सुटत असेल तिथे कोयत्याने सोलून काढा आणि ती साल त्याच दिवशी जाळा. मिशाळ भुंग्यांना अंडी घालायला साल हवी असते, ओलही तिच्याखालीच राहते. पडलेलं पीठ रोज झाडून चुलीत घाला. आणि उघडीप मिळेल तसतशी रास घराबाहेर हलवा. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून घराच्या पूर्वेच्या वळचणीला जागा बघा, गोठ्याची पडवी असेल तर उत्तमच. खाली दगड किंवा विटांचे दोन थर, भिंतीपासून हातभर अंतर, वर पत्रा किंवा ताडपत्री. ताडपत्री वरूनच घाला, चारी बाजूंनी गुंडाळू नका. गुंडाळलेलं जळण आतल्या आत घामेजतं. घरात फक्त दोन दिवसांचं, बुट्टीत मावेल एवढं. ते भिजलेलं असेल तर आदल्या रात्री चुलीजवळ, विस्तवापासून हात राखून, वाळत ठेवा.

पुढच्या वर्षीची तयारी दिवाळीनंतर सुरू होते. जळण तोडायचं ते संक्रांतीच्या आत, आणि तोडलं की लगेच फोडायचं. बंबफोड जेवढी बारीक तेवढी ती लवकर वाळते. अख्खा ओंडका सालीसकट ठेवला की तो आतून महिनोन्महिने ओला राहतो आणि भुंग्यांना अंडी घालायला वेळ मिळतो. तुमचा आंबा वळवाच्या वाऱ्यात पडला असेल आणि तसाच मे महिन्यात घरात आला असेल, तर कीड त्याच्याबरोबरच आली. तो पुरता वाळायला हवा होता. आडवी-उभी रचण करून चैत्र-वैशाखाचं ऊन द्या. दोन फोडी एकमेकींवर आपटल्या की टणटण वाजायला हव्यात, टोकांना चिरा पडलेल्या हव्यात, आणि पेटवल्यावर टोकाला फेस येऊन सूं सूं आवाज यायला नको. लाकडातलं पाणी वजनाच्या विसाव्या-पंचविसाव्या भागापर्यंत खाली आणायला जाऊ नका, ते आपल्या हवेत जमणार नाही. पण पाणी पाचव्या भागाच्या खाली आलं की लाकूड छान जळतं, धूर कमी होतो आणि बुरशीही धरत नाही. गुऱ्हाळावर चिपाड आधी उन्हात पसरूनच चुलाणात घालतात, तुमच्या मिस्टरांना हे वेगळं सांगायला नको.

गिझरचं म्हणाल तर किड्यांच्या भीतीने बंब बंद करू नका. धुराचा त्रास होतो, सासूबाईंना वाकवत नाही, मुलींना सकाळी लवकर पाणी हवं, अशी कारणं असतील तर गिझर जरूर बसवा. पण लाइट जाणाऱ्या गावात बंब मोडीत काढायची घाई मी करणार नाही. तो घराबाहेर, पडवीत हलवता आला तर धूरही बाहेर आणि जळणही बाहेर. खर्च फार नाही आणि सासूबाईंना पटण्यासारखं आहे. हे बोलणं तुम्ही एकट्याने करू नका. मिस्टरांना बरोबर घ्या आणि सुरुवात जागा निवडण्यापासून करा : ‘आई, जळण कुठं ठेवलं तर भिजणार नाही?’ याचं उत्तर त्यांच्याइतकं चांगलं कुणाकडे नसेल. आणि ती मातीची नळी त्यांना प्रत्यक्ष दाखवा. घराचे वासे म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागत नाही.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं ते नळ्या पुन्हा लिंपल्या गेल्या तरच, किंवा दिवाळीनंतरही कपाटाखालच्या कागदावर ताजं पीठ पडत असेल तर. तो आला की कोणतं औषध, किती आणि कुठे सोडणार हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. वाळवीचं औषध भिंतीच्या पायाशी, जमिनीत भोकं पाडून सोडतात, खोलीभर फवारून भागत नाही. तुमच्या परड्यात आड किंवा बोअर असेल तर ते त्याला आधी दाखवा, त्याच्याजवळ औषध सोडू देऊ नका. तांदूळ आदल्या दिवशी पुढच्या खोलीत हलवा, मुलींना दोन दिवस मामाकडे पाठवा, आणि उरलेलं जळण त्याआधी बाहेर निघालेलं असू द्या.